निवारा : अनुदानाचा अर्ज की हक्काचा निधी?

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी शहरी बेघरांच्या निवाऱ्याविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा एकदा सुनावणीस आली. याचिका २००३ सालची. केंद्राच्या महान्यायवाद्यांनी सांगितले की, शहरी दारिद्र्यनिर्मूलनाच्या नव्या अभियानाला अंतिम रूप दिले जात असून बेघरांच्या निवाऱ्याचा त्यात अंतर्भाव राहील. हे अभियान केव्हा अमलात येणार याचा खुलासा सरकारकडून घ्यावा, असे न्यायालयाने त्यांना सुचविले. त्याच सुनावणीत न्यायपीठाने फुकट धान्य व पैसा मिळत असल्याने लोक काम करावयास तयार होत नाहीत, अशा आशयाची टिप्पणी केली आणि वृत्तपत्रांनी तीच उचलून धरली. परिणामी खरा प्रश्न मागे पडला. बावीस वर्षे चाललेल्या या याचिकेत, आणि तिच्या आधीपासून चालत आलेल्या योजनांत, सरकारजवळ पैसा नव्हता अशी स्थिती क्वचितच होती. पैसा होता, योजना होती, निकष होते. तरीही रस्त्यावरचा माणूस रस्त्यावरच राहिला. नव्या अभियानाचा मसुदा घडत असताना पैसा आणि माणूस यांच्यामध्ये नेमके काय उभे राहिले, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचे आकारमान प्रथम पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. पैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होती. २००१ मध्ये शहरांतील हा आकडा ७ लाख ७९ हजार होता. याचा अर्थ, दशकभरात ग्रामीण बेघरांची संख्या घटली आणि शहरी बेघरांची सुमारे वीस टक्क्यांनी वाढली. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली गेली. पदपथ, फलाट, उड्डाणपुलाखालची जागा, देवळाचे आवार, ह्यूम पाइप अशा ठिकाणी त्या रात्री जो सापडला तो मोजला गेला. जो रात्रपाळीच्या हमालीवर होता, किंवा पोलिसांच्या धाकाने जागा बदलून झोपला होता, तो सुटला. त्यानंतर २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणजे आखणी झाली ती जुन्या आणि अपुऱ्या आकड्यांवर.

निकषांची कथाही अशीच आहे. जानेवारी २०१० मध्ये दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत माणसे मरत असताना सर्वोच्च न्यायालयाच्या आयुक्तांनी, म्हणजे एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदर यांनी, न्यायालयाला पत्र लिहिले. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या २००१ च्या याचिकेत त्यावर आदेश निघाले. एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, हा दंडक त्यातून आला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तो स्वीकारला आणि प्रत्येक निवारा किमान शंभर माणसांचा असावा, माणशी पन्नास चौरस फूट जागा असावी, तो बारा महिने चोवीस तास उघडा असावा, अशा अटी घातल्या. अटी चांगल्याच होत्या. पण मुंबईचा हिशेब करून पाहावा. २०११ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि त्याच जनगणनेप्रमाणे तेथील बेघरांची संख्या सुमारे ५७ हजार. दंडकाप्रमाणे मुंबईत १२४ निवारे हवेत आणि त्यांत १२ हजार ४०० माणसे मावतील. म्हणजे दंडक शंभर टक्के पाळला तरी पाचांपैकी जवळजवळ चार माणसे बाहेरच राहणार, आणि मुंबई तर दंडकाच्याही फार मागे आहे. उलट पंढरपूर घ्या. तेथे वारीच्या निमित्ताने लाखो माणसे येतात आणि त्यांच्यामागे राहून गेलेले निराधार वर्षभर घाटावर दिसतात. या नगराची २०११ ची लोकसंख्या एक लाखाच्या किंचित खाली होती. एक लाखाचे शहर किंवा जिल्ह्याचे ठिकाण, या अभियानाच्या पहिल्या कसोटीत ते बसत नव्हते. शहरात किती माणसे राहतात हे मोजून शहरात किती माणसांना घर नाही हे कळत नाही, एवढी साधी गोष्ट आखणीत सुटली.

आता अर्जाकडे वळू. बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्राचे अनुदान १९८८-८९ पासून आहे. पदपथवासीयांना निवारा व स्वच्छतेच्या सोयी पुरविणारी योजना त्या वर्षी निघाली. पुढे तिचे नाव व स्वरूप बदलत गेले. २००५ मध्ये केंद्राने ती बंद केली, आणि कारण असे दिले गेले की राज्ये पैसा वापरतच नाहीत. सरकारी अर्थव्यवहारात या युक्तिवादाला फार मान आहे. मंजूर रक्कम खर्च झाली नाही, म्हणजे गरज नाही, असा अर्थ लावला जातो. ती खर्च का झाली नाही हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. शहरातील बेघर त्या काळात वाढत होते, हे वर दिलेल्या जनगणनेच्या आकड्यांवरूनच दिसते. तेव्हा गरज आटली नव्हती. पैशाला गरजेपर्यंत पोचू देणारी वाट बुजली होती.

२०१३ च्या अभियानात ही वाट कशी होती? प्रथम शहरातील बेघरांचे सर्वेक्षण. मग नगरपालिकेने वा महापालिकेने जागा शोधावयाची. मार्गदर्शक सूचना सांगतात की, निवारा बेघर माणसे जेथे एकवटलेली असतात व जेथे त्यांना काम मिळते त्या भागात असावा. आणि तो भाग म्हणजे स्टेशन, मंडई, गोदी, घाऊक बाजार, जेथे जमिनीचा भाव सर्वांत चढा असतो. जागा मिळाली तर सविस्तर प्रकल्प अहवाल, नकाशे, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता. मग तो अहवाल राज्य अभियानाकडे आणि तेथून राज्याच्या प्रकल्प मंजुरी समितीपुढे. समितीच्या बैठकीची वाट पाहावयाची. त्रुटी निघाली की पूर्तता करून फेरसादर करावयाचा. मंजुरी मिळाली की निधी हप्त्यांनी. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. आरंभी खर्चाचा ७५ टक्के भार केंद्राचा व २५ टक्के राज्याचा होता. पुढे तो ६० आणि ४० झाला. राज्याचा वाटा वेळेवर आला नाही तर केंद्राचा अडतो आणि केंद्राचा अडला की राज्य स्वस्थ बसते.

इमारत उभी राहिली म्हणजे निवारा सुरू झाला असे नव्हे. चालविण्यासाठी संस्था नेमावयाची. त्यासाठी पुन्हा प्रस्ताव मागवावयाचे, त्यांची छाननी, करार, बयाणा रक्कम, नोंदणीचे दाखले, तीन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. चालविण्याचा खर्च अभियानातून मिळणार तोही पाच वर्षे. त्यानंतर तो नगरपालिकेने आपल्या उत्पन्नातून करावा अशी अपेक्षा. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला आणि गेला, २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईवर महापालिकांचा संसार चालू आहे. त्यांना पाच वर्षांनी कोणता नवा झरा फुटणार होता, हे अभियानाच्या कागदपत्रांत कोठेही दिसत नाही.

या साऱ्या क्रमात एकही पायरी वेडगळ नाही. प्रत्येकीच्या मागे काही कारण आहे. कोठे तरी पूर्वी झालेला गैरव्यवहार आहे, कोठे लेखापरीक्षकाचा जुना आक्षेप आहे. नोकरशाहीचे दुर्गुण मोजताना हे ध्यानात ठेवावे लागते की, लालफीत ही बहुधा एखाद्या चोरीच्या स्मरणार्थ बांधलेली असते. पण सगळ्या पायऱ्या एकामागून एक ठेवल्या म्हणजे जिना इतका उंच होतो की, ज्याच्यासाठी तो बांधला तो वर पोचण्याआधी हिवाळा संपतो. १९८८ ची योजना आणि २०१३ चे अभियान यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. शेरा मात्र एकच. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलास गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती निधी आणि मार्गदर्शक सूचना दोन्ही उपलब्ध असूनही बेघरांची स्थिती पालटत नाही, असे नमूद करूनच.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने अर्ज करण्याचा खर्च हा बव्हंशी स्थिर खर्च आहे. शंभर माणसांच्या एका निवाऱ्याचा प्रस्ताव आणि दहा निवाऱ्यांचा प्रस्ताव यांस लागणारे कागद, खेटे आणि अभियंत्याचे दिवस यांत दसपट फरक नसतो. म्हणून हा खर्च मोठ्या शहराला हलका आणि लहान नगरपरिषदेला जड पडतो. मुंबई किंवा पुण्याला सल्लागार नेमता येतो. लहान जिल्हा ठिकाणच्या नगरपरिषदेत मुख्याधिकारी एक, अभियंता एक किंवा तोही शेजारच्या गावाचा जादा कार्यभार सांभाळणारा. तेथे हा प्रस्ताव पाणीपुरवठा आणि घनकचऱ्याच्या फायलींखाली जातो. कोणी वाईट नसतो. कोणाला वेळ नसतो. निवाऱ्याचा प्रस्ताव मागे राहिला म्हणून कोणत्याही नगरसेवकाचे मत कमी होत नाही, कारण बेघर माणसाचे नाव बहुधा मतदारयादीतच नसते. संस्थांचेही तेच. जिच्याजवळ इंग्रजी जाणणारा पगारी लेखनिक आहे ती संस्था अनुदान मिळविते. जी खरोखर स्टेशनबाहेर रात्री चहा-भाकरी घेऊन फिरते ती संस्था तिसऱ्या प्रपत्रावरच दमते. अर्जावर आधारलेले अनुदान गरजेप्रमाणे वाटले जात नाही, ते अर्ज करण्याच्या क्षमतेप्रमाणे वाटले जाते, आणि ही क्षमता नेमकी जेथे गरज जास्त तेथे कमी असते.

यावर सरळ उपाय सुचतो तो अर्ज सोपा करण्याचा. एक खिडकी, एक प्रपत्र, संगणकावरून भरणे. हा उपाय टाकाऊ नाही. परंतु त्याची मर्यादा किती, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. कारण बेघरांच्या अनुदानाचा अर्ज सुटसुटीत करण्याचा दीर्घ प्रयोग त्या देशात झाला आहे.

रेगन अध्यक्ष असताना, १९८७ मध्ये, तेथे बेघरांच्या साहाय्याचा मॅकिनी कायदा झाला. त्याखाली अनेक लहानमोठ्या योजना निघाल्या आणि प्रत्येकीचा अर्ज निराळा, मुदत निराळी, नियम निराळे. संस्था बेघरांऐवजी प्रपत्रांच्या सेवेत गुंतल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यात संघराज्याच्या गृहनिर्माण खात्याने ठरविले की, प्रत्येक शहराने वा परगण्याने मिळून एकच एकत्रित अर्ज करावा. स्थानिक संस्थांनी एकत्र बसून गरजा मोजाव्यात, आपल्या प्रकल्पांचा क्रम लावावा आणि एक कागद वॉशिंग्टनला पाठवावा. २००९ मध्ये ओबामांच्या काळात कायद्याने तीन मुख्य योजना एकात विलीन केल्या. जुलै २०२४ मध्ये तर दोन वर्षांसाठी मिळून एकच अर्ज मागविण्यात आला. सुटसुटीतपणाची ही परिसीमाच म्हणावयाची. या सुधारणेचा लाभ झाला नाही असे नाही. एका शहरातल्या संस्था एकमेकींशी बोलू लागल्या, एकच माणूस तीन ठिकाणी मोजला जाणे कमी झाले, आणि तात्पुरत्या खाटेऐवजी कायमचे घर देणाऱ्या कार्यक्रमांना बळ मिळाले.

पण अर्ज एक झाला तरी तो अर्जच राहिला. पैसा मर्यादित, मागणारे अनेक, म्हणून गुण देऊन स्पर्धा. जे शहर गुणांत मागे पडेल तेथील बेघरांनी काय करावे, याचे उत्तर त्या रचनेत नाही. घरभाड्याच्या संघराज्य साहाय्याची तीच गत: पात्र कुटुंबांपैकी चारांत सुमारे एकालाच ते मिळते. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या एका रात्रीच्या गणनेत ७ लाख ७१ हजार माणसे बेघर आढळली. त्या देशात अशी गणना सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत मोठा आकडा होता. भाडी वाढत होती, स्वस्त घरे घटत होती, आणि प्रपत्राच्या सुलभतेने घरभाडे उतरत नाही.

यापुढचा अध्याय अधिक बोलका आहे. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने बेघरांना आधी घर देण्याच्या धोरणाचा पाठिंबा काढून घेणारा आदेश काढला. नोव्हेंबरमध्ये गृहनिर्माण खात्याने दोन वर्षांचा तो एकत्रित अर्ज रद्द करून नवी जाहिरात काढली आणि कायमच्या घरांवर होणाऱ्या खर्चाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली. ज्यांच्या डोक्यावर या अनुदानाच्या जोरावर छप्पर आले होते त्यांचे छप्पर एका जाहिरातीने धोक्यात आले. अनेक राज्ये, शहरे आणि संघटना न्यायालयात गेल्या. डिसेंबरमध्ये खात्याने जाहिरात मागे घेतली आणि न्यायालयानेही मनाई दिली. तीस वर्षे घासून गुळगुळीत केलेली पद्धत एका महिन्यात डळमळली, कारण तिच्या तळाशी हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. मर्जी चांगली असेपर्यंत अर्ज सोपा असणे उपयोगी. मर्जी फिरली की तोच सोपा अर्ज सोप्या रीतीने फेटाळता येतो.

तेव्हा प्रश्न अर्जाच्या पानांचा नाही, अर्जाच्या जातीचा आहे. हा भेद महाराष्ट्राला नवा नाही. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात आकाराला आलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. तेथेही अर्ज होताच. मजूर कामाची मागणी लिहून देत असे, तिची तारखेसह पोच घेत असे, आणि पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर शासन बेकारभत्ता देणे लागत असे. बेकारभत्ता प्रत्यक्षात क्वचितच हाती पडला, मजुरी थकली, मोजमापात खोट निघाली, हे सर्व खरे आहे. त्यासाठी मोर्चे काढावे लागले, तहसील कचेरीपुढे बसावे लागले. पण तो अर्ज शासनाला बांधून घालणारा होता. मागणारा अर्ज करी आणि उत्तरदायी शासन ठरे. शिवाय त्या कामासाठी व्यवसाय कराच्या रूपाने स्वतंत्र उत्पन्नाची तजवीज होती. शहरातील पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम, असा तो हिशेब होता. निवाऱ्याच्या अनुदानाचा अर्ज याच्या उलट आहे. तेथे अर्ज करणारा बांधला जातो, शासन मोकळे राहते. नगरपालिकेने अर्जच केला नाही तर कोणीही दोषी नाही, आणि केला व तो पडून राहिला तरीही कोणी दोषी नाही.

अलीकडे सरकारने सुटसुटीतपणाच्या नावाखाली जे केले तेही या कसोटीवर घासून पाहावे. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांसाठी प्रत्येक राज्याने योजनावार एकच यंत्रणा नेमून एकाच बँक खात्यातून पैसा फिरवावा, असा नियम झाला. हेतू असा की, निरनिराळ्या खात्यांत पैसा पडून राहू नये. दिल्लीच्या कोषागाराच्या दृष्टीने ही निःसंशय सुधारणा आहे: कोणता रुपया कोठे आहे हे तेथे बसून दिसते. पण निवारा चालविणाऱ्या संस्थेला तिचे देयक कोठे अडले आहे, हे त्या व्यवस्थेत दिसत नाही. सुलभता वरच्या दिशेने वाहिली, खाली आली नाही. संगणकीय निविदांचेही तसेच आहे. निविदेत वार्षिक उलाढालीची अट घातली की छाननी सोपी होते, यात शंका नाही. छाननी करावयास फार कोणी उरतच नाहीत. वस्तीत काम करणारी छोटी संस्था गळते आणि सुरक्षारक्षक व सफाई पुरविणारा कंत्राटदार आत येतो. त्याच्या लेखी निवारा म्हणजे राखण्याची एक इमारत.

आणि जेथे सुलभता खरोखर हवी तेथे, म्हणजे निवाऱ्याच्या दारात, ती सर्वांत कमी आहे. जानेवारी २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील निवाऱ्यांविषयीच्या सुनावणीत, ज्याला कायमचा पत्ताच नाही त्याला आधार कार्ड कसे मिळणार, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयालाच विचारावा लागला. पत्ता नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून शिधा नाही. या चक्रात बेघराला अडकविणारा अधिकारी नियमाप्रमाणेच वागत असतो. गंमत अशी की, १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा लावून त्याच माणसाला पदपथावरून उचलावयाचे असते तेव्हा त्याच्या ओळखपत्रावाचून शासनाचे काही अडत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो केवळ प्रतिगाम्यांचा नाही. प्रामाणिक कार्यकर्तेही तो घेतात. कागद कमी केले तर पैसा खाल्ला जाईल, बोगस निवारे निघतील, असे ते म्हणतात. भीती निराधार नाही. पण आजचा कागद चोरी कितपत थांबवितो? उपयोगिता प्रमाणपत्र रक्कम खर्च झाली एवढेच सांगते. त्या रात्री किती माणसे आत झोपली, पांघरूण होते की नाही, स्त्रियांच्या खोलीला आतून कडी होती की नाही, हे ते सांगत नाही. चोर कागदाला घाबरत नाही, कारण कागद तयार करण्यात तोच सर्वांत तरबेज असतो. तो घाबरतो ते अवेळी दार ठोठावणाऱ्या माणसाला. तपासणी मंजुरीच्या आधीच्या टेबलांवरून उठवून निवाऱ्याच्या दारात नेली पाहिजे: दारावर खाटांची संख्या, त्या महिन्यात मिळालेली रक्कम व झालेला खर्च मराठीत लिहिलेला फलक, राहणाऱ्यांचे प्रतिनिधी असलेली व्यवस्थापन समिती, वर्षातून दोनदा जाहीर सामाजिक लेखापरीक्षण. आधी विश्वास ठेवून पैसा द्यावा आणि मग कठोरपणे हिशेब मागावा. सध्या याच्या नेमके उलटे चालते.

मग मागणी कोणती करावयाची? पहिली अशी की, निवारा पुरविणे हे महापालिका व नगरपालिकांचे कायद्याने बंधनकारक कर्तव्य ठरावे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी दारिद्र्यनिर्मूलन आहेच. पण अनुसूचीतील विषय आणि कायद्यातील कर्तव्य यांत अंतर आहे. दिल्लीने २०१० मध्ये कायदा करून शहरी निवारा मंडळ स्थापन केले आणि तेथे निवाऱ्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली, ती केवळ केंद्राच्या अनुदानाची वाट पाहून नव्हे. त्या मंडळाचे दोषही आहेत, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सराई काले खान येथील निवारा पाडला गेला तेव्हा कायदा असूनही तो वाचला नाही, हेही विसरता कामा नये. तरी देखील जाब कोणाला विचारावयाचा, हे दिल्लीत ठाऊक असते.

दुसरी मागणी पैशाच्या वाटपाची. प्रस्तावावर अवलंबून न राहता, मोजलेल्या बेघरांच्या संख्येप्रमाणे ठरलेली रक्कम प्रत्येक शहराच्या खात्यात तिमाहीच्या आरंभी आपोआप जमा व्हावी. शहराने अर्ज करावयाचा नाही. शहराने हिशेब द्यावयाचा. वित्त आयोगाचे अनुदान याच तत्त्वावर वाटले जाते, तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणण्यास जागा नाही. चालविण्याचा खर्च पाच वर्षांनी तोडण्याचे कलम रद्द व्हावे. शाळा बांधून पाच वर्षांनी शिक्षकाचा पगार थांबविण्यासारखेच ते आहे. जेथे प्रस्ताव लागणारच, जसे की नवी इमारत, तेथे ठरावीक मुदतीत निर्णय न झाल्यास तो मंजूर समजण्यात यावा. आणि निवाऱ्याचा पत्ता हाच तेथे राहणाऱ्याचा पत्ता म्हणून शिधापत्रिका, मतदारयादी व रुग्णालय यांनी मानावा.

या मागण्यांना न्यायालयाचा थोडा आधार आहे, पण त्यावर फार विसंबू नये. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावण्याची मोहीम निघाली आणि त्यातून आलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याच निकालाने नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्यास मुभाही दिली. तत्त्व मोठे मिळाले, छप्पर मिळाले नाही. २००३ च्या याचिकेचा अनुभव फार वेगळा नाही.

नवे अभियान दिल्लीत कोणत्याही स्वरूपात येवो, स्थानिक पातळीवर काम आहे आणि ते कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले आहे. मार्च २०२२ नंतर मुंबईत आणि त्या सुमारास राज्यातील इतर अनेक महापालिकांत दीर्घकाळ निवडून आलेले सभागृह नव्हते. प्रशासकाच्या अंदाजपत्रकात निवाऱ्याचे काय झाले, हे विचारणारा आत कोणी नव्हता. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक, अपंग कल्याण यांसाठी महापालिकांच्या अंदाजपत्रकात निधी राखून ठेवण्याची पद्धत राज्यात रुळलेली आहे; त्याच धर्तीवर बेघरांच्या निवाऱ्याचे स्वतंत्र लेखाशीर्ष मागता येईल. त्याआधी प्रत्येक शहराविषयी चार गोष्टी कागदावर आणाव्या लागतील: शेवटचे सर्वेक्षण केव्हा झाले, निवाऱ्यांत खाटा किती व रात्री प्रत्यक्ष माणसे किती, किती प्रस्ताव कोणत्या तारखेपासून कोणाकडे पडून आहेत, आणि चालविणाऱ्या संस्थांची किती देयके किती महिन्यांची थकली आहेत. ही माहिती माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते, आणि त्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे.